शेवटच्या मिनिटातली शिट्टी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची मुलगी गेल्या वर्षापासून अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनामध्ये शिकते आहे. हिवाळ्यात आम्ही उभयता तिच्याकडे दोन महिने राहून आलो आणि तिच्या नादाने कॉलेज बास्केटबॉलचे सामने पाहू लागलो. खेळ आवडला, पण एक कोडे सुटले नाही. सामना संपत आला की मागे पडलेला संघ उघडउघड ठरवून फाउल करतो. पंच साधा फाउल देतात आणि कोणालाही त्यात काही वावगे वाटत नाही. मग एखाद्या धक्क्याला मात्र पंच पडद्यापाशी जाऊन पाच मिनिटे चित्रण पाहतात आणि ‘फ्लॅग्रंट’ जाहीर करून दोन फ्री थ्रो (कोणी आड न येता घ्यायचे एकेका गुणाचे नेम) देतात, शिवाय चेंडूही त्याच संघाला देतात. अटीतटीच्या सामन्यात अखेरच्या अर्ध्या मिनिटात एवढी मोठी शिक्षा देणे म्हणजे पंचांनीच निकाल लावणे नव्हे काय? मुलीचे मित्र २००७ सालच्या कुठल्याशा रक्तबंबाळ नाकाची गोष्ट अजून तावातावाने सांगतात. तीही कृपया समजावून द्यावी.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण कोडे म्हणता ते त्या खेळाच्या नियमांतले एक जुने दुखणे आहे. त्यासाठी शिक्षेचा हिशेब आधी समजून घ्यावा लागेल, कारण वाद शब्दावर होत असला तरी घाव हिशेबाचा असतो.

अमेरिकेतील पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये वीस-वीस मिनिटांची दोन सत्रे असतात. एका सत्रात एखाद्या संघाचे सहा फाउल होईपर्यंत, नेम साधणाऱ्या खेळाडूवर फाउल झालेला नसेल तर, प्रतिस्पर्ध्याला फक्त बाजूने चेंडू आत टाकायला मिळतो. सातव्या फाउलपासून ‘वन अँड वन’ सुरू होते, म्हणजे पहिला फ्री थ्रो पडला तरच दुसरा मिळतो, आणि दहाव्यापासून सरळ दोन फ्री थ्रो मिळतात. या सर्व प्रकारांत शेवटचा फ्री थ्रो संपला की खेळ पुढे सुरू होतो. तो हुकला तर रिबाउंडसाठी, म्हणजे उसळून आलेल्या चेंडूसाठी, दोन्ही संघ झेपावतात आणि तो पडला तर चेंडू फाउल करणाऱ्याच संघाकडे येतो. फ्लॅग्रंटचे गणित निराळे आहे. त्याचे दोन प्रकार आहेत. ‘फ्लॅग्रंट १’ म्हणजे गरजेपेक्षा जास्त किंवा खेळाशी संबंध नसलेला अंगस्पर्श. ‘फ्लॅग्रंट २’ म्हणजे त्याहून गंभीर, इजा करू शकणारा प्रकार, ज्यात खेळाडूला थेट बाहेर काढले जाते. दोन्हींत दोन फ्री थ्रो मिळतात, ते घेताना रिबाउंडसाठी कडेला कोणी उभे राहत नाही, आणि ते पडोत वा हुकोत, चेंडू पुन्हा त्याच संघाला मिळतो.

आता घड्याळात पंचवीस सेकंद उरली आहेत असे धरा. ‘अ’ संघ ७०-६७ असा पुढे आहे, चेंडू ‘ब’ संघाकडे आहे आणि ‘ब’ला बरोबरीसाठी तीन गुणांचा नेम साधायचा आहे. तो साधू द्यायचा नाही म्हणून ‘अ’चा खेळाडू आधीच फाउल करतो. ‘अ’चे या सत्रातले दहा फाउल भरलेले असतील तर ‘ब’ला दोन फ्री थ्रो मिळतील, दोन्ही पडले तरी गुण ७०-६९ होतील आणि चेंडू ‘अ’कडे जाईल. हाच फाउल ‘फ्लॅग्रंट १’ ठरला, तर मात्र ७०-६९ झाल्यावर चेंडू पुन्हा ‘ब’च्याच हातात असेल आणि तीन गुणांचा एक नेम लागला की ‘ब’ ७२-७० असा पुढे जाईल. एकच हात, एकच खांदा, तीच पंचवीस सेकंद. पंचांच्या तोंडून कोणता शब्द निघतो यावर सामना कूस बदलतो. सामन्याच्या पाचव्या मिनिटाला हीच शिक्षा झाली तर प्रेक्षक हातातले पॉपकॉर्नसुद्धा खाली ठेवत नाहीत.

म्हणून आपण म्हणता तसा आरोप होतो, की पंचांनी निकाल लावला. मला तो आरोप उलट्या टोकाने खरा वाटतो. अखेरच्या क्षणी दिलेल्या फ्लॅग्रंटपेक्षा अखेरच्या क्षणी न दिलेले फ्लॅग्रंट निकालावर अधिक परिणाम करतात. ते कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत, एवढाच फरक. कॉलेजच्या नियमपुस्तकात ‘फ्लॅग्रंट १’ची जी उदाहरणे दिलेली आहेत, त्यांत चेंडू किंवा खेळाडू अडवण्याचा प्रामाणिक प्रयत्न नसलेला आणि केवळ घड्याळ थांबवण्यासाठी केलेला अंगस्पर्श स्पष्टपणे आहे. चेंडूपासून दूर उभ्या असलेल्या, खेळात थेट सहभाग नसलेल्या खेळाडूला धरणे आहे. पाठीमागून ओढून किंवा ढकलून गुण रोखणे आहे. अखेरच्या मिनिटात मागे पडलेला संघ जे करतो ते अक्षरशः यातलेच पहिले उदाहरण आहे. प्रथा मात्र अशी पडली आहे की बचाव करणाऱ्याने चेंडूच्या दिशेने हात हलवल्यासारखे केले की पंच ते प्रामाणिक मानतात आणि साधा फाउल देतात. कोच खेळाडूंना सरावात हेच शिकवतात : फाउल कर, पण चेंडूवर हात मारल्यासारखा कर, दोन्ही हातांनी मिठी मारू नकोस, बनियन पकडू नकोस. नियम आणि प्रथा यांच्यातला हा अलिखित करार सर्वांना ठाऊक असतो, आणि एखाद्या खेळाडूने घाईत त्याची पायरी ओलांडली, की पंचांना अचानक पुस्तक आठवते. आपल्याला जी विसंगती दिसली ती हीच आहे आणि ती खरीच आहे.

ही प्रथा पडण्याला कारणही होते. १९८५-८६ पर्यंत पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये देशभर लागू असे शॉट क्लॉक, म्हणजे ठरावीक सेकंदांत नेम साधायला लावणारे घड्याळ, नव्हते. म्हणजे पुढे असलेला संघ चेंडू इकडून तिकडे फिरवत बसला, तर त्याला नेम साधायला भाग पाडणारे काहीच नव्हते. फाउल करून घड्याळ थांबवणे आणि कच्च्या खेळाडूला फ्री थ्रोच्या रेषेवर उभे करणे, एवढाच उपाय मागच्या संघाकडे उरे. ४ एप्रिल १९८३ रोजी अल्बुकर्की येथे झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कोच जिम वल्वानो यांच्या नॉर्थ कॅरोलायना स्टेटने बलाढ्य ह्यूस्टनला ५४-५२ असे हरवले, ते बऱ्याच अंशी याच युक्तीने : मिनिटभर उरलेले असताना ह्यूस्टनच्या अल्विन फ्रँकलिनवर फाउल केला गेला, त्याचा ‘वन अँड वन’मधला पहिलाच फ्री थ्रो हुकला आणि चेंडू स्टेटकडे आला. त्या विजयाला पुढे दंतकथेचे रूप आले. तेव्हा ठरवून केलेल्या फाउलला कोणी लबाडी म्हणाले नाही. डावपेच म्हणाले. शॉट क्लॉक आधी पंचेचाळीस सेकंदांचे आले, मग १९९३-९४ मध्ये पस्तीस आणि २०१५-१६ मध्ये तीस सेकंदांचे झाले, म्हणजे मूळ अडचण बरीच सुटली. डावपेच मात्र राहिला.

शब्दांचाही एक भाग आहे. २०११-१२ च्या हंगामापूर्वी आजच्या ‘फ्लॅग्रंट १’ला ‘इंटेन्शनल’, म्हणजे हेतुपुरस्सर फाउल म्हणत. हे नाव भलतेच घातक होते, कारण अखेरच्या मिनिटातले निम्मे फाउल हेतुपुरस्सरच असतात आणि तरी त्यांना हेतुपुरस्सर म्हणायचे नसे! उलट, एखाद्याचा कोपर चुकून नाकावर बसला की त्याचा कोच हात पसरून विचारे, मुलाचा हेतू होता का? नवीन नावाने निदान एवढे साधले की प्रश्न मनातल्या हेतूचा न राहता अंगस्पर्शाच्या स्वरूपाचा झाला. प्रेक्षक अजून हेतूवरच भांडतात, हा भाग वेगळा.

मुलीचे मित्र सांगतात ती घटना ४ मार्च २००७ ची, चॅपेल हिल येथील. ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन विद्यापीठांमध्ये पंधरा-सोळा किलोमीटरचे अंतर आहे आणि वैर मात्र मोजण्यापलीकडचे. सामना नॉर्थ कॅरोलायनाने जिंकल्यात जमा होता. अखेरचा गुणफलक ८६-७२ असा राहिला. घड्याळात साडेचौदा सेकंद होती. नॉर्थ कॅरोलायनाचा टायलर हॅन्सब्रो फ्री थ्रो घेत होता. त्याचा दुसरा फ्री थ्रो हुकला, त्यानेच रिबाउंड घेतला आणि पुन्हा उसळी मारून नेम धरला. ड्यूकचा जेरल्ड हेंडरसन हवेतून खाली येत असताना त्याचा कोपराकडचा हात हॅन्सब्रोच्या नाकावर आदळला. हॅन्सब्रो जमिनीवर पडला आणि उठला तेव्हा त्याचा चेहरा आणि बनियन रक्ताने माखले होते. तो हेंडरसनच्या दिशेने निघाला आणि त्याला आवरावे लागले. त्या दिवशी सव्वीस गुण आणि सतरा रिबाउंड करणाऱ्या खेळाडूचे ते रूप टीव्हीवर पुन्हापुन्हा दाखवले गेले. पंचांनी पडद्यावर पाहून हेंडरसनला बाहेर काढले आणि प्रकार मारामारीच्या सदरात टाकल्यामुळे पुढच्या एका सामन्याची बंदीही आपोआप लागू झाली. तो पुढचा सामना विभागीय स्पर्धेचा पहिलाच होता आणि हेंडरसनविना ड्यूकने तो नॉर्थ कॅरोलायना स्टेट या तिसऱ्याच विद्यापीठाकडून ८५-८० असा, जादा वेळेत गमावला. हॅन्सब्रो नाकावर मुखवटा लावून खेळला आणि त्याच्या संघाने ती स्पर्धा जिंकली.

वाद कशाचा? ड्यूकच्या बाजूचे म्हणतात की हेंडरसन चेंडूवरच झेपावला होता, हवेत आणखी एक खेळाडू मध्ये आला, तोल गेला आणि हात खाली येताना बसला. शिवाय निकाल लागून गेलेला असताना दोन्ही संघांचे मुख्य खेळाडू कोर्टवर कशाला होते, हा प्रश्नही तेव्हा विचारला गेला. माझे मत विचाराल तर : हेतू सिद्ध होत नाही, पण हात ज्या वेगाने आणि ज्या उंचीवरून आला त्याला चेंडू अडवण्याची धडपड म्हणता येत नाही. तिथे घड्याळात साडेचौदा सेकंद होती की साडेचौदा मिनिटे, याने काहीच फरक पडायला नको होता. ती शिक्षा सामन्याचा निकाल बदलणारी नव्हतीच, आणि तरी अठरा-एकोणीस वर्षांनी तुमच्या मुलीचे मित्र तिच्यावर भांडतात. यावरून एवढे दिसते की लोक भांडतात ते केवळ निकालासाठी नाही.

निकाल टांगलेला असताना दिलेल्या शिक्षेचे उदाहरण हवे असेल तर २७ जानेवारी २०२० चा आयोवा आणि विस्कॉन्सिन यांचा सामना पाहावा. शेवटच्या मिनिटात विस्कॉन्सिनचा ब्रॅड डेव्हिसन प्रतिस्पर्ध्याने लावलेल्या आडोशाला वळसा घालत असताना त्याचा हात आयोवाच्या कॉनर मॅककॅफरीला कमरेखाली लागला. पंचांनी पडदा पाहून ‘फ्लॅग्रंट १’ दिला, सामना आयोवाने ६८-६२ असा जिंकला आणि नंतर डेव्हिसनवर त्याच्या विभागाने एका सामन्याची बंदी घातली. यापूर्वीही अशा तक्रारी झाल्या होत्या, म्हणून नावावरून शिक्षा झाली, असे विस्कॉन्सिनचे समर्थक म्हणाले. नावावरून नाही, सवयीवरून झाली, असे बाकीचे म्हणाले.

आणि आपल्याला माझी स्वतःचीच एक चूक सांगतो. मी बरीच वर्षे आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत शिट्टी घेऊन उभा राहिलो. एका सामन्यात दोन गुणांचा फरक होता आणि अकरा सेकंद उरली होती. मागच्या संघाचा मुलगा एकटा पुढे धावत होता, रिंगणापर्यंत त्याच्यासमोर कोणी नव्हते, आणि मागून एकाने त्याचे बनियन मुठीत धरले. खांद्याची शिवण उसवल्याचा आवाज मला दहा फुटांवरून स्पष्ट ऐकू आला. पुस्तकाप्रमाणे तो दोन फ्री थ्रो आणि चेंडू देण्याचा प्रकार होता. मी साधा फाउल दिला. का, तर अकरा सेकंद उरली होती आणि ‘आता आपण निकाल लावायचा नाही’ असे काहीतरी माझ्या मनात आले. तो मुलगा लोंबणारी पट्टी हातात धरून माझ्याकडे पाहत उभा होता. निकाल मीच लावला होता. त्याला कळले होते, मला रात्री कळले.

प्रश्न : तीस वर्षे शाळेत खेळाचा शिक्षक होतो. आमच्या काळी पंचांना जे डोळ्यांनी दिसे तेच खरे मानले जाई. आता हळू गतीचे चित्रण पाहून ठरवतात. हळू गतीत साधा धक्कासुद्धा गुन्हा वाटतो असा माझा अनुभव आहे. आपले मत काय?
— एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : आपला अनुभव खरा आहे, आणि त्याचे नमुनेदार उदाहरण १९ मार्च २०२२ रोजी टेक्ससमधील फोर्ट वर्थ येथे घडले. राष्ट्रीय स्पर्धेची दुसरी फेरी होती. आठवे मानांकन असलेला नॉर्थ कॅरोलायनाचा संघ गतविजेत्या आणि प्रथम मानांकित बेलरविरुद्ध ६७-४२ असा, म्हणजे तब्बल पंचवीस गुणांनी पुढे होता. दहा मिनिटे आठ सेकंद उरलेली असताना, सव्वीस गुण केलेल्या ब्रॅडी मॅनेकचा कोपर बेलरच्या जेरमी सोहानच्या चेहऱ्यावर बसला. पंच पडद्यापाशी गेले आणि परत येऊन त्यांनी ‘फ्लॅग्रंट २’ दिला. मॅनेक बाहेर गेला. त्यानंतर बेलरने पूर्ण कोर्टभर दबाव टाकत ३८ गुण केले, नॉर्थ कॅरोलायनाने १३, आणि नियमित वेळ ८०-८० अशा बरोबरीत संपली. जादा वेळेत नॉर्थ कॅरोलायना ९३-८६ असे कसेबसे निसटले आणि पुढे थेट अंतिम सामन्यापर्यंत पोचले, जिथे कॅन्सासने त्यांना ७२-६९ असे हरवले. बेलर त्या दिवशी जिंकले असते तर त्या एका शिट्टीवर आजही लेख लिहिले गेले असते.

त्या प्रसंगाचे चित्रण पूर्ण गतीत पाहिले तर दोन उंच मुले जागेसाठी झटापट करताना दिसतात आणि कोपर त्या झटापटीचाच भाग वाटतो. हळू गतीत तोच कोपर निघताना, वर जाताना आणि गालावर टेकताना दिसतो, आणि बघणाऱ्याला वाटते की एवढा वेळ होता तर याने हात आवरला का नाही. खेळाडूला तो वेळ नव्हता. तो आपल्याला यंत्राने दिलेला आहे. माझ्या मते तो फाउल ‘फ्लॅग्रंट १’ होता, ‘२’ नव्हे. कोपर खांद्याच्या वर आणि हलता होता, म्हणजे साधा फाउल म्हणून सोडता येण्यासारखा नव्हता. पण खेळाडूला बाहेर हाकलण्याइतका तो क्रूरही नव्हता.

तरीही मी पडद्याच्या विरुद्ध नाही, आणि याचे कारण आपल्या ‘आमच्या काळी’तच आहे. २८ मार्च १९९२ रोजी फिलाडेल्फियात ड्यूक आणि केंटकी यांच्या गाजलेल्या सामन्यात ड्यूकच्या ख्रिश्चन लेटनरने खाली पडलेल्या केंटकीच्या अमीनू टिंबरलेकच्या छातीवर पाय ठेवला. पंचांनी फक्त टेक्निकल, म्हणजे गैरवर्तनाचा, फाउल दिला. लेटनर खेळत राहिला, त्याने मारलेले दहाही नेम आणि दहाही फ्री थ्रो पडले, आणि जादा वेळेतल्या अखेरच्या क्षणी त्याच्याच नेमावर ड्यूकने १०४-१०३ असा विजय मिळवला. केंटकीच्या लोकांच्या जिवाला तो पाय अजून लागतो. आजचा पडदा त्या दिवशी असता तर लेटनर तो अखेरचा नेम मारायला कोर्टवर असता का, याची मला दाट शंका आहे. पंचांच्या डोळ्यांना जे दिसले तेवढेच खरे मानण्याची किंमत अशीही मोजावी लागते.

उपाय सोपा आहे आणि काही पंच तो स्वतःहून पाळतात : आधी पूर्ण गतीत पाहायचे, जोर किती आहे ते तिथेच ठरवायचे, आणि हळू गतीचा वापर फक्त स्पर्श कुठे झाला हे ओळखण्यासाठी करायचा. एक मर्यादाही ध्यानात घ्यावी. शिट्टी वाजलेल्या फाउलची प्रत पडद्यावर पाहून चढवता येते, पण फाउल झालाच नव्हता असे म्हणून तो पुसता येत नाही. ६ एप्रिल २०१९ रोजी राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात ऑबर्न ६२-६० असे पुढे असताना, ०.६ सेकंद उरलेली असताना, त्यांच्या समीर डाउटीने नेम साधणाऱ्या व्हर्जिनियाच्या काइल गायवर फाउल केला. गायने तिन्ही फ्री थ्रो टाकले आणि व्हर्जिनिया ६३-६२ असे जिंकले. तो साधाच फाउल होता, म्हणून सारा देश पडद्यावर पाहत असताना पंचांना पडद्यापाशी जाण्याचे कारणच नव्हते. तो फाउल मात्र बरोबर होता, असे माझे मत आहे : हवेत गेलेल्या खेळाडूला खाली उतरायला जागा दिली पाहिजे, मग सेकंद कितीही उरोत.

प्रश्न : आम्ही नागपूरला कॉलेजच्या संघात खेळतो. आमच्याकडे फीबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे, नियम आहेत. अमेरिकन कॉलेजचे नियम, एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे नियम आणि आमचे नियम यांत शेवटच्या दोन मिनिटांपुरता काय फरक आहे?
— एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : तुमच्या फीबा नियमांत ‘फ्लॅग्रंट’ हा शब्द नाही, तिथे ‘अनस्पोर्ट्समनलाइक’ आहे, ज्याची शिक्षा दोन फ्री थ्रो आणि चेंडू, आणि एकाच खेळाडूचे असे दोन झाले की तो बाहेर. त्याच्यावर ‘डिसक्वालिफाइंग’ आहे, जो साधारण अमेरिकन ‘फ्लॅग्रंट २’शी जुळतो. तुमच्या कामाची गोष्ट २०२२ पासूनची आहे. चौथ्या सत्राच्या किंवा जादा वेळेच्या शेवटच्या दोन मिनिटांत, बाहेरून चेंडू आत टाकला जाण्यापूर्वीच बचाव करणाऱ्याने कोर्टवरच्या कोणाला फाउल केला, तर एक फ्री थ्रो आणि चेंडू अशी वेगळी शिक्षा आहे. घड्याळ सुरू होण्याआधीच एखाद्या कच्च्या फ्री थ्रोवाल्याला कवटाळण्याची युक्ती त्यामुळे महागात पडते.

एनबीएने याच २०२२-२३ च्या हंगामापासून वेगवान चढाई मुद्दाम फाउल करून थांबवण्यावर एक फ्री थ्रो आणि चेंडू अशी शिक्षा आणली, आणि मग शेवटची दोन मिनिटे तिच्यातून वगळली! अखेरच्या मिनिटातला ठरवून केलेला फाउल हा खेळाचा भाग आहे, हे त्यांनी निदान लिहून तरी टाकले. कॉलेजच्या नियमपुस्तकात तसे लिहिलेले नाही आणि ठाण्याच्या वाचकांना पडलेले कोडे तिथूनच येते. मला विचाराल तर फीबाची वाट सरळ आहे : ज्या युक्तीचा त्रास होतो ती नेमकी ओळखून तिची किंमत ठरवायची आणि पंचांना खेळाडूच्या मनात डोकावायला लावायचे नाही.

तीन गुणांनी पुढे असताना फाउल करावा की नाही, हेही तुमच्या कोचने विचारलेले दिसते. ७ एप्रिल २००८ च्या अंतिम सामन्यात मेम्फिस तीन गुणांनी पुढे होते, फाउल झाला नाही, कॅन्सासच्या मारिओ चामर्सने २.१ सेकंद उरलेली असताना तीन गुणांचा नेम टाकून बरोबरी केली आणि जादा वेळेत कॅन्सास ७५-६८ असे जिंकले. बरेच कोच फाउल करा म्हणतात. तो करायचा तर चेंडू जमिनीवर आपटत असताना, खालून, मनगटाजवळ करा. प्रतिस्पर्धी नेमासाठी हात वर नेत असताना केलात तर तीन फ्री थ्रो द्याल, आणि मागून खांदे धरलेत तर दोन फ्री थ्रो आणि चेंडू. मुंबईत नागपाड्याच्या मैदानांवर मुले हे कोणी न शिकवता करतात. तिथे उभे राहून अर्धा तास पाहिलेत तरी पुरे.

प्रश्न : कॉलेज बास्केटबॉलमध्ये आता कोचला पंचांच्या निर्णयाला आव्हान देता येते असे वाचले. मग फ्लॅग्रंटलाही देता येईल का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : पुरुषांच्या खेळात २०२५-२६ च्या हंगामापासून आव्हान आले आहे. ते द्यायचे तर कोचकडे टाइमआउट शिल्लक असावा लागतो आणि आव्हान चुकले तर तो जातो. बरोबर ठरले तर आणखी एक आव्हान मिळते. ते चेंडू कोणाकडून बाहेर गेला, रिंगणाजवळ चेंडूला बेकायदा हात लागला का, आणि मदतीला आलेला दुसरा बचावकर्ता रिंगणाखालच्या अर्धवर्तुळात उभा होता का, एवढ्याच गोष्टींसाठी आहे. फाउल होता की नव्हता आणि तो साधा की फ्लॅग्रंट, हे त्या यादीत नाही.